डुमना ते बिरसी: १८५ किलोमीटरचे १२०० कसे होतात

जबलपूरचा विमानतळ डुमन्याला आहे आणि गोंदियाचा बिरसीला. दोन्हींचे अक्षांश-रेखांश घेऊन सरळ अंतर काढले, तर ते साधारण १८५ किलोमीटर भरते. पुणे आणि कोल्हापूर या विमानतळांमधले हवाई अंतरसुद्धा याहून जास्त आहे. सत्तर-बहात्तर जणांचे पंख्याचे एटीआर विमान एवढे अंतर पंचवीस मिनिटांच्या आत कापू शकते. पण डुमन्याहून बिरसीला थेट जाणारी नियमित विमानसेवा नाही. विमानानेच जायचा हट्ट धरला तर आधी दक्षिणेला हैदराबाद गाठायचे आणि तिथून पुन्हा उत्तरेकडे गोंदियाला यायचे. जबलपूर ते हैदराबाद सुमारे ६८० किलोमीटर आणि हैदराबाद ते गोंदिया सुमारे ५१५, म्हणजे दोन्ही मिळून जवळजवळ १२०० किलोमीटर. जिथे पोचायचे तो गाव वाटेतच, पंखाखालून, मागे पडतो.

दोन विमानतळांमधले अंतर आणि तिथे पोचायला लागणारा वेळ हे दोन आकडे आज मोबाइलवर क्षणात मिळतात. मोठ्या शहरांच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरेही ठरतात. छोट्या विमानतळांच्या बाबतीत मात्र पहिला आकडा दुसऱ्याबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. हे का घडते, ते जबलपूरकडे पाहिले की नीट उलगडते.

मराठी माणसाला हे शहर परके नाही. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १८१७ पर्यंत होता आणि इथली मराठी वस्ती जुनी आहे. अनेक घरांचे सोयरे नागपूर, गोंदिया, पुणे, मुंबईकडे आहेत. मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ इथे आहे, तोफगाडे आणि लष्करी वाहने बनवणारे कारखाने इथे आहेत. भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला आणि कान्हा, बांधवगडच्या जंगलात जायलाही लोक इथेच उतरतात. येणारे-जाणारे भरपूर असूनही हवाई नकाशावर हे शहर नेहमी कडेला राहिले.

आधी तो १८५ चा आकडा कुठून येतो ते पाहू. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे तिच्या पाठीवरच्या दोन ठिकाणांमधली सर्वांत जवळची वाट ही वर्तुळाचा तुकडा असते. पृथ्वीचा मध्य हेच त्या वर्तुळाचे केंद्र, म्हणून त्याला बृहद्वृत्त म्हणतात. जबलपूर–नागपूर अशा छोट्या अंतरात नकाशावरची सरळ रेघ आणि ही वाट यांत फरक कळत नाही. मुंबईहून अमेरिकेतल्या नेवार्कला जाताना तो डोळ्यांत भरतो. भिंतीवरच्या सपाट नकाशावर सरळ पश्चिमेला वाटणारे ते शहर गाठायला विमान आधी वायव्येला चढत जाते, कारण सुमारे साडेबारा हजार किलोमीटरची जवळची वाट तिकडूनच जाते. वैमानिक हे अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, मुळात अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. त्या मापाने जबलपूर ते मुंबई ४७१ सागरी मैल होते, म्हणजे सुमारे ८७३ किलोमीटर. जबलपूर ते नागपूर अवघे १३७, म्हणजे २५४ किलोमीटर.

ही गणिते आज संगणक करतो. पण त्यासाठी पृथ्वी किती गोल आणि कुठे किती चपटी, हे आधी कोणीतरी जमिनीवर चालून मोजावे लागले, आणि त्या मोजणीचा एक मोठा टप्पा याच मुलखात पार पडला. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रमुख विल्यम लॅम्बटन दक्षिणेकडून मोजत मोजत वर सरकत होता. २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला, काम चालू असतानाच, तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने मोजणीची ती साखळी उत्तरेला नेली आणि सिरोंजजवळ पायारेषा मोजली. आजच्या मध्य प्रदेशातले त्या भागातले कल्याणपूर हे भारतीय नकाशांचे आरंभस्थान ठरले आणि १८३० मध्ये एव्हरेस्टने पृथ्वीच्या आकाराचे जे माप मांडले, त्यावर देशाचे नकाशे पिढ्यान् पिढ्या आखले गेले. आता विमाने उपग्रहांच्या आधाराने चालतात आणि डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक मोजणी वापरतात. तरी हिंगणघाट आणि सिरोंज ही नावे विसरण्यासारखी नाहीत. आकाशातल्या सरळ रेघेची पहिली मेहनत या मातीत झाली.

अंतराचा वेळ कसा होतो, ही पुढची पायरी. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० ते ८५० किलोमीटर वेगाने जाते. मुंबई–जबलपूरच्या ८७३ किलोमीटरला त्या हिशेबाने एक तास पाच मिनिटे लागावीत. वेळापत्रकात मात्र पावणेदोन तासांच्या आसपासचा आकडा दिसतो. कारण छापलेली वेळ चाके हलल्यापासून मोजली जाते आणि विमान उतरून आपल्या जागी थांबेपर्यंत चालते. मुंबईत धावपट्टीकडे रांगेत सरकणे, चढताना वेग कमी असणे, उतरताना पुन्हा तो कमी करत आणणे, या सगळ्याचे अर्धापाऊण तास त्यात धरलेले असतात. हा वरचा वेळ अंतर कमी झाले म्हणून कमी होत नाही. त्यामुळे उड्डाण जितके छोटे, तितका सरासरी वेग खाली येतो. डुमना–बिरसी थेट विमान असते तरी पाऊण तासाच्या आत ते वेळापत्रकात बसले नसते.

यालाही एक नामांकित अपवाद आहे. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे अशी दोन शेजारी बेटे आहेत. त्यांच्यामधली लोगनएअरची सेवा जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा मानली जाते: २.७ किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटे. तिथे रांग नाही, गर्दी नाही, विमान जेमतेम आठ-दहा माणसांचे आणि पलीकडे जायला पूल नाही. जिथे गरज खरी असते आणि सरकार पाठीशी उभे राहते, तिथे पावणेतीन किलोमीटरची विमानसेवासुद्धा टिकते.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेला उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. समजा, मुंबईहून जबलपूरला येणाऱ्या जेटला ताशी १०० किलोमीटरचा वारा पाठीवर मिळाला, तर वरचा प्रवास ५८ मिनिटांत होईल. परतताना तोच वारा समोरून आला, तर ७५ मिनिटे लागतील. तेच विमान, तेच अंतर आणि फरक सतरा मिनिटांचा. शिवाय विमाने नेहमी सरळ रेघेवर उडत नाहीत. ठरलेल्या बिंदूंवरून, ठरलेल्या मार्गांनी जातात. लष्कराच्या राखीव आकाशाला वळसा घालतात. मे महिन्यात आणखी एक अडचण येते. डुमना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते, विमानाला जास्त लांब धावावे लागते. धावपट्टी अपुरी असेल तर वजन कमी करणे एवढाच मार्ग उरतो, म्हणजे काही जागा रिकाम्या ठेवायच्या.

डुमन्याची धावपट्टी पूर्वी दोन किलोमीटरला थोडी कमी होती. नव्या विस्तारात ती २,७५० मीटर झाली. १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी देशातल्या अनेक विमानतळांच्या नव्या इमारतींचे एकाच वेळी उद्घाटन केले, त्यात जबलपूर होते आणि कोल्हापूरही. जबलपूरच्या याच इमारतीच्या दर्शनी भागातले छत त्याच वर्षीच्या जूनमध्ये पावसात एका मोटारीवर कोसळले, हेही लोक विसरलेले नाहीत.

एकच धावपट्टी असलेल्या विमानतळाचे दुखणे वेगळे असते. ४ डिसेंबर २०१५ रोजी मुंबईहून आलेले स्पाइसजेटचे विमान डुमन्याला उतरताना रानडुकरांच्या कळपावर आदळून धावपट्टीबाहेर घसरले. १२ मार्च २०२२ रोजी दिल्लीहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर धावपट्टी ओलांडून पुढे गेले. दोन्ही वेळा प्रवासी वाचले. पण अशा वेळी तो विमानतळ तासन् तास बंद होतो आणि येणारी विमाने दुसरीकडे वळवावी लागतात. डुमन्याच्या भोवती जंगल आहे, जवळच खंदारी जलाशय आहे. शहरातून विमानतळाकडे जाणारा रस्ता सुंदर आहे, आणि त्याच झाडीतून रानडुकरे येतात. कुंपण पक्के ठेवणे हा इथे प्रवासाच्या वेळेशी थेट जोडलेला विषय आहे.

आता कोल्हापूरकडे वळू, कारण मराठी वाचकाला हे उदाहरण जास्त जवळचे वाटेल. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आणि डुमना यांच्यातले सरळ अंतर सुमारे ९४० किलोमीटर आहे. जेटला सव्वा तास, एटीआरला दोन तास. मुंबईमार्गे गेले तर ३०९ आणि ८७३ मिळून ११८२ किलोमीटर होतात. म्हणजे वाट फक्त पाव पटीने वाढली. हे काही फार नाही. पण वेळ बघा. समजा, कोल्हापूरचे विमान सकाळी मुंबईला पोचले आणि जबलपूरचे दुपारनंतर आहे, तर मधले पाच तास विमानतळावर गेले. कोल्हापूरला दीड तास आधी पोचायचे, जबलपुरात उतरून सामान घेऊन गावात जायचे. हवेत पावणेतीन तास आणि घर ते घर दहा तासांहून अधिक. त्यातही दोन्ही विमाने एकाच दिवशी नसतील, तर मुंबईत मुक्काम ठरलेला. मग ९४० किलोमीटर या आकड्याला अर्थ काय उरला?

या सगळ्याच्या मुळाशी जाळ्याची रचना आहे. विमान कंपन्या प्रत्येक दोन गावांमध्ये विमान सोडत नाहीत, सोडू शकत नाहीत. मोठे शहर मध्ये धरायचे, छोट्या गावांतले प्रवासी तिथे आणायचे आणि वाटून द्यायचे, ही पद्धत परवडते. गंमत म्हणजे या पद्धतीचा एक जुना आणि यशस्वी प्रयोग विदर्भातच झाला होता. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. देशाच्या मध्यावर असल्याचा तो फायदा होता. प्रवासी जाळे मात्र नंतर नकाशाच्या मध्यावर उभे राहिले नाही. ते जिथे प्रवासी आणि पैसा जास्त, तिथे म्हणजे दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबादला उभे राहिले. म्हणून मध्य भारतातल्या माणसाला शेजारच्या जिल्ह्यात विमानाने जायचे तर देशाच्या कडेपर्यंत जाऊन यावे लागते.

हा वळसा मोडण्यासाठीच केंद्र सरकारने २०१६ मध्ये ‘उडान’ योजना आणली. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला गेले. सुमारे ५०० किलोमीटरच्या, म्हणजे तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपयांची भाडेमर्यादा विमानातल्या ठरावीक जागांसाठी घालण्यात आली. तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, असा करार होता. कल्पना नेमकी होती: किलोमीटर आणि तास यांचे भाड्याशी नाते बांधून द्यायचे. पण २०२३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी जो अहवाल दिला, तो वाचून वाईट वाटते. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नव्हते. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षे पुरी केली आणि मार्च २०२३ मध्ये त्यापलीकडे टिकलेले मार्ग ५४ होते.

बिरसीचा इतिहास या आकड्यांशी जुळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधलेली ही धावपट्टी पुढे बराच काळ पडून होती. नंतर तिथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली आणि शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालू लागली. १३ मार्च २०२२ रोजी फ्लायबिगने इंदूर–गोंदिया–हैदराबाद सेवा सुरू केली, ती काही महिन्यांतच थांबली. १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगोने हैदराबादमार्गे तिरुपती जोडले. वैमानिक घडवणाऱ्या गावाला प्रवासी विमानासाठी इतकी वाट पाहावी लागली, याची खंत गोंदियाकरांनी बाळगली तर ती रास्तच आहे.

जबलपूरकरही गप्प बसलेले नाहीत. विमाने कमी होत गेली, तसा हा प्रश्न याचिकेच्या रूपाने इथल्या उच्च न्यायालयात गेला. जून २०२४ मध्ये नागरिकांनी ‘नो फ्लाइंग डे’ पाळायचे ठरवले: एक दिवस विमानाने प्रवासच करायचा नाही. विमानांची मागणी करण्यासाठी विमानावर बहिष्कार, हे वरवर उलटे वाटेल. त्यामागची वेदना सरळ आहे. इतके पैसे ओतून धावपट्टी वाढवली, इमारत बांधली, आणि इंदूर-भोपाळच्या तुलनेत शहराला मिळणारी उड्डाणे मात्र थोडीच राहिली. धावपट्टीची लांबी वेळ वाचवत नाही. वेळ वाचवते ती तिच्यावर उतरणाऱ्या विमानांची संख्या.

रेल्वेच्या काळात हेच जबलपूर देशाच्या वाटांच्या गाठीवर बसले होते. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून आलेला जीआयपी रेल्वेचा लोहमार्ग आणि अलाहाबादकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग इथे जोडले गेले आणि मुंबई–कलकत्ता सलग गाडी शक्य झाली. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणा’ या कादंबरीतले गणित या मार्गावर उभे आहे. मुंबई ते कलकत्ता रेल्वेने तीन दिवस, असे त्यात धरले आहे. कादंबरीत मात्र नायक निघतो आणि वाटेत कळते की वर्तमानपत्राने छापले तरी रूळ अजून पुरे व्हायचेच आहेत. मग त्याला हत्ती विकत घ्यावा लागतो. वेळापत्रकावरचा प्रवास आणि जमिनीवरचा प्रवास यांतली दरी दाखवायला याहून चांगला प्रसंग मिळणार नाही, आणि तो नेमका याच मार्गावर बेतलेला आहे.

आज जबलपूर–गोंदिया प्रवासात पैज जिंकते तीही रेल्वेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुड्याच्या घाटांतून काढलेला नैनपूर–बालाघाटमार्गे जाणारा नॅरोगेज मार्ग २०१५ पासून टप्प्याटप्प्याने बंद झाला आणि त्या जागी ब्रॉडगेज आले. सुमारे २३० किलोमीटरच्या या मार्गावरून आता जबलपूर–चांदाफोर्ट एक्स्प्रेस धावते. चार-पाच तासांत गाडी गोंदियाला पोचते. हैदराबादमार्गे जाणारा माणूस तेवढ्या वेळात दुसऱ्या विमानाची वाट पाहत बसलेला असेल. नागपूरबाबतही तेच. २५४ किलोमीटरच्या हवाई अंतरासाठी लखनादौन, सिवनीवरून जाणारा महामार्ग पकडला, तर गाडीने पाच-साडेपाच तासांत माणूस घरी असतो. म्हणूनच जबलपूरचे कितीतरी प्रवासी पुढच्या विमानासाठी थेट नागपूर गाठतात.

तेव्हा छोट्या विमानतळावरून निघणाऱ्याने किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि चार गोष्टी विचाराव्यात. थेट विमान आहे का, आणि आठवड्यातून किती दिवस? मधल्या शहरात किती तास थांबायचे? दोन्ही विमानांचे तिकीट एकाच पीएनआरवर आहे का? तसे असेल तर पहिले विमान उशिरा आल्यावर पुढची सोय कंपनीकडे मागता येते, सामानही बहुधा थेट शेवटच्या गावी जाते. दोन वेगळी तिकिटे काढली तर दुसरे बुडाल्याचा भुर्दंड आपला. आणि ते विमान त्याआधी कुठून येणार आहे? डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुके पडले की जबलपुरात स्वच्छ ऊन असूनही विमान येत नाही, कारण ते अजून दिल्लीतच उभे असते. विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. दिवाळीनंतरच्या लग्नासाठी सप्टेंबरातली वेळ पाहून बेत आखला असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी नव्या हंगामात ते विमान चालू आहे की नाही, एवढे पाहून घ्यावे.